पॉल गोगँ : न सापडलेल्या बेटाचा चित्रकार

मराठी वाचकाची पॉल गोगँशी पहिली ओळख बहुधा व्हॅन गॉगच्या कहाणीतून होते. दक्षिण फ्रान्समधील आर्ल गावातले ते पिवळे घर, दोन चित्रकारांचे नऊ आठवड्यांचे एकत्र राहणे, डिसेंबर १८८८ मधील कडाक्याचे भांडण आणि त्याच रात्री व्हॅन गॉगने कापून घेतलेला कान. गोगँ त्यानंतर पॅरिसला निघून जातो आणि कहाणी व्हॅन गॉगच्या मागे पुढे सरकते. मग कधीतरी कानावर येते, की हाच गोगँ शेअर बाजारातील भरभक्कम नोकरी आणि बायकामुले सोडून दक्षिण समुद्रातील ताहिती बेटावर गेला आणि तेथील निसर्गसुंदर, निष्पाप जगाची चित्रे काढत राहिला. सॉमरसेट मॉम यांनी १९१९ मध्ये ‘द मून अँड सिक्सपेन्स’ ही कादंबरी त्याच्या आयुष्यावर बेतली आणि या दंतकथेवर शिक्कामोर्तब झाले.

दंतकथा म्हणून ती उत्तमच आहे. मात्र ज्या निष्पाप जगाच्या शोधात गोगँने अर्धी पृथ्वी पालथी घातली, ते जग त्याला कोठेच सापडले नाही. जेथे तो पोहोचला, तेथे त्याच्याआधी फ्रेंच जहाज, फ्रेंच पाद्री आणि फ्रेंच पोलीस पोहोचलेले होते. त्याची सर्वांत प्रसिद्ध चित्रे या न सापडण्यातून जन्मली आहेत.

भटकंती त्याच्या वाट्याला लहानपणीच आली. त्याचा जन्म ७ जून १८४८ रोजी पॅरिसमध्ये झाला, तोही क्रांतीच्या धामधुमीत. वडील क्लोव्हिस हे प्रजासत्ताकवादी पत्रकार. आईची आई म्हणजे फ्लोरा त्रिस्तान. स्त्रियांच्या आणि कामगारांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारी बंडखोर लेखिका. तिचे पितृकुल पेरू देशातले. फ्रान्समधील वातावरण प्रतिकूल होताच १८४९ मध्ये हे कुटुंब पेरूला निघाले आणि वाटेतच वडिलांचा मृत्यू झाला. लिमा शहरातील श्रीमंत नातलगांच्या घरी नोकरचाकरांच्या गराड्यात पॉलची पहिली काही वर्षे गेली. सातव्या वर्षाच्या सुमारास तो फ्रान्सला परतला, तो स्पॅनिश बोलतच. आपल्या अंगात ‘रानटी’ रक्त आहे, असे गोगँ आयुष्यभर सांगत राहिला, त्याचा उगम या लिमातील दिवसांत आहे. वस्तुतः ते घर रानटी वगैरे काही नव्हते, चांगले सरदारी होते!

सतराव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर रुजू झाला आणि पुढे फ्रेंच नौदलात गेला. १८६७ मध्ये आई वारली तेव्हा तो समुद्रावरच होता. काही महिन्यांनी भारतात असताना बहिणीचे पत्र हाती पडले, तेव्हा त्याला ते कळले, असे त्याची चरित्रे सांगतात. १८७१ मध्ये नौदल सुटले. आईचे स्नेही आणि मुलांचे पालक गुस्ताव्ह अरोसा यांनी त्याला पॅरिसच्या शेअर दलालाकडे नोकरीला लावले. मेट गाड या डॅनिश तरुणीशी १८७३ मध्ये त्याचा विवाह झाला आणि पुढील दहा वर्षांत त्यांना पाच मुले झाली. १८७९ च्या सुमारास त्याची दलालीतील वार्षिक कमाई तीस हजार फ्रँकच्या घरात होती. चित्रकला हा रविवारचा छंद. अरोसांच्या घरातील संग्रह पाहून तो लागला आणि कामीय पिसारोंच्या सहवासात वाढला. इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे झळकू लागली.

येथे दंतकथा म्हणते, की त्याने कलेसाठी सारे झुगारून दिले. इतिहास थोडा रुक्ष आहे. १८८२ मध्ये पॅरिसचा शेअर बाजार कोसळला. वर्षभरात गोगँची नोकरी संपली आणि चित्रांवर पोट भरेल या हिशेबाने त्याने पूर्णवेळ चित्रकार होण्याचे ठरवले. तो हिशेब साफ चुकला. मेटच्या माहेरी, कोपनहेगनमध्ये त्याने ताडपत्रीची विक्री करून पाहिली. तीही जमली नाही. १८८५ मध्ये मुलगा क्लोव्हिसला घेऊन तो पॅरिसला परतला. तेथे रोजी कमावण्यासाठी भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची वेळ त्याच्यावर आली. मागे राहिलेली मेट फ्रेंचच्या शिकवण्या घेऊन आणि भाषांतरे करून मुलांना वाढवत राहिली. गोगँच्या कहाणीत तिला नेहमी रुक्ष, व्यवहारी बायको म्हणून रंगवले जाते. पाच मुलांचे पोट भरणाऱ्या बाईने आणखी काय व्हावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

यानंतर सुरू झाली ती खरी वणवण. प्रथम ब्रिटनीतील पोंत-आवेन हे खेडे. तेथे राहणे स्वस्त होते आणि परंपरेला धरून राहणारी माणसे होती. १८८७ मध्ये शार्ल लावाल या मित्राबरोबर तो पनामाला गेला आणि तेथे कालव्याच्या खोदकामावर मजुरी केली. ते काम पंधरवड्यात सुटले, तेव्हा कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर मुक्काम पडला. ताप आणि आमांश यांनी त्याला जर्जर केले. पण उष्ण कटिबंधातील रंग प्रथम त्याच्या कॅनव्हासवर उतरले ते येथेच. दुसऱ्या वर्षी ब्रिटनीत परतल्यावर त्याने ‘प्रवचनानंतरचे दर्शन’ हे चित्र काढले. पांढऱ्या टोप्या घातलेल्या शेतकरी बाया आणि त्यांच्यासमोर सपाट लालभडक जमिनीवर झुंजणारे याकोब आणि देवदूत. जमीन लाल नसते, हे गोगँला ठाऊक होते. डोळ्यांना दिसते ते नव्हे, तर मनात उमटते ते रंगवायचे, हा इंप्रेशनिस्टांपासूनचा काडीमोड होता.

१८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात वसाहतींचे देखावे उभे केले होते. जावाचे खेडे, तेथील नर्तिका, पूर्वेकडील मूर्तींचे नमुने. गोगँ ते पाहून भारावला. दूरच्या बेटावर पैशाविना जगता येईल, हे स्वप्न या प्रदर्शनाच्या मांडवात पक्के झाले. म्हणजे ज्या साम्राज्याला विटून तो निघाला, त्याच साम्राज्याच्या जाहिरातीने त्याला वाट दाखवली. फेब्रुवारी १८९१ मध्ये चित्रांचा लिलाव करून त्याने सुमारे दहा हजार फ्रँक उभे केले, सरकारकडून बिनपगारी ‘कलाविषयक कामगिरी’चे पत्र मिळवले, तिकिटात सवलत घेतली आणि १ एप्रिलला मार्सेय बंदर सोडले.

९ जूनला तो ताहितीची राजधानी पापेएते येथे उतरला. तीनच दिवसांनी ताहितीचा अखेरचा राजा पाचवा पोमारे मरण पावला. राज्य तर १८८० मध्येच फ्रान्सने खालसा केले होते. इंग्रज मिशनरी १७९७ पासून बेटावर होते. जुने देव, त्यांची स्थाने, मूर्ती सारे केव्हाच नाहीसे झाले होते. स्त्रिया गळ्यापासून पायघोळ अंगरखे घालत आणि रविवारी चर्चमध्ये जात. पापेएतेत पत्र्याची घरे होती आणि वसाहतवाल्यांची क्षुद्र भांडणेही. गोगँ तेथून ४५ किलोमीटरवरील मातायेआ गावी गेला. तेथे शेती, मासेमारी यांतले काहीच येत नसल्याने चिनी वाण्याच्या दुकानातून महागडे डबाबंद अन्न विकत घेऊन तो ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ राहू लागला.

मग चित्रांतले ते प्राचीन ताहिती आले कोठून? बरेचसे पुस्तकांतून आणि छायाचित्रांतून. मोरेनहूट नावाच्या व्यापाऱ्याने १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून गोगँने ताहितीच्या देवकथा उतरवून घेतल्या. नंतर ‘नोआ नोआ’ या आपल्या पुस्तकात त्याने त्या बेटावरील सहचरीच्या तोंडी घातल्या. त्याच्या सामानात जावातील बोरोबुदूर स्तूपाच्या शिल्पपटांची छायाचित्रे होती. ‘इया ओराना मारिया’ (१८९१) या चित्रात ताहितीच्या मेरीसमोर दोन स्त्रिया हात जोडून उभ्या आहेत. त्यांची ठेवण थेट बोरोबुदूरच्या बौद्ध शिल्पातून उचललेली आहे. भारतीय प्रेक्षकाला ते नमस्कार ओळखीचे वाटतात, ते त्यामुळेच. १८९३ मध्ये त्याने तेहामानाचे व्यक्तिचित्र काढले. तिच्या अंगात मिशनरी पद्धतीचा गळाबंद पट्ट्यांचा झगा आहे. पाठीमागे भारतीय वळणाची एक देवी आणि तिच्या वर ईस्टर बेटावरील, कोणालाही वाचता न येणारी लिपी. झगा खरा आहे. बाकीची भिंत गोगँने रचलेली आहे.

ही तेहामाना कोण, हा प्रश्न टाळून गोगँविषयी लिहिता येत नाही. ती त्याची ‘वाहिनी’, म्हणजे बायको. गोगँच्याच लेखनानुसार वय सुमारे तेरा. तो तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा होता. दुसऱ्या ताहिती मुक्कामात पाहुरा आली, तिचे वय चौदाच्या आसपास. मार्केसस बेटांवर वाएओहो, तीही चौदाची, मिशनच्या शाळेतून काढून आणलेली. ‘मनाओ तुपापाउ’ (१८९२) या चित्रात पालथी पडलेली, भेदरलेली विवस्त्र मुलगी आहे आणि पायथ्याशी भुताची काळी आकृती. ती भुताला घाबरली आहे, असे चित्रकार सांगतो. आजचा प्रेक्षक तिच्या डोळ्यांत पाहतो आणि दाराशी उभ्या चित्रकाराचाही विचार करतो. त्या काळी हे कायद्यात बसत होते, बेटावर रूढ होते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो अपुरा आहे. फ्रेंच माणूस, बंदरातील फ्रेंच युद्धनौका आणि खेड्यातील मुलगी यांच्यात बरोबरीचा करार होऊ शकत नव्हता. या मुलींचे म्हणणे कोणी लिहून ठेवले नाही. आपल्याकडे आहे ती केवळ त्याची बाजू.

१८९३ मध्ये तो फ्रान्सला परतला. पॅरिसमधील प्रदर्शनात चाळीसहून अधिक चित्रांपैकी अकरा विकली गेली, चर्चा पुष्कळ झाली, पैसा आला नाही. ब्रिटनीत खलाशांशी झालेल्या मारामारीत घोटा मोडला आणि ती जखम आयुष्यभर चिघळत राहिली. १८९५ मध्ये त्याने कायमचे फ्रान्स सोडले. पापेएतेत आता विजेचे दिवे आले होते!

१८९७ मध्ये लाडकी मुलगी आलीन वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कोपनहेगनमध्ये गेल्याची बातमी त्याला कळली. कर्ज वाढलेले, पाय सडत चाललेला. अशा अवस्थेत वर्षाच्या अखेरीस त्याने खरबरीत गोणपाटावर पावणेचार मीटर रुंदीचे चित्र काढले : ‘आपण कोठून आलो? आपण कोण आहोत? आपण कोठे चाललो आहोत?’ उजव्या टोकाला तान्हे मूल, मध्यभागी फळ तोडणारी आकृती, डाव्या टोकाला कानांवर हात घेतलेली वृद्धा आणि मागे एक निळसर मूर्ती. हे पूर्ण करून आपण डोंगरात जाऊन सोमल घेतला, पण तो उलटून पडला, असे त्याने मित्राला कळवले. ही हकीकत कितपत खरी मानावी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. स्वतःच्या आयुष्याची कथा रचण्यात गोगँ वाकबगार होता. चित्राविषयी मात्र शंका नाही. आज ते अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

त्यानंतर सार्वजनिक बांधकाम खात्यात सहा फ्रँक रोजावर कारकुनी, स्थानिक पत्रकात सरकारवर टीका, असे करत दिवस गेले. १९०० मध्ये आंब्रुआझ व्होलार या पॅरिसमधील चित्रविक्रेत्याने दरमहा तीनशे फ्रँक देण्याचे कबूल केले, तेव्हा थोडी उसंत मिळाली. तीही त्याने आणखी दूर जाण्यात खर्च केली. सप्टेंबर १९०१ मध्ये तो मार्केसस द्वीपसमूहातील हिवा ओआ बेटावर, अतुओना गावी पोहोचला. तेथली लोकसंख्या युरोपीय लोकांबरोबर आलेल्या रोगांनी इतकी घटली होती, की जुनी संस्कृती सांगायलाही माणसे उरली नव्हती. जमीन कॅथलिक मिशनची. ती मिळावी म्हणून गोगँ काही दिवस नेमाने चर्चमध्ये गेला. जमीन मिळताच जाणे बंद झाले. तेथे त्याने ‘मेझाँ द्यू जुईर’, म्हणजे भोगाचे घर, या नावाचे लाकडी घर बांधले.

याच शेवटच्या दोन वर्षांत तो बेटावरील लोकांची बाजू घेऊन सरकारशी भांडला. दूरच्या खोऱ्यांतील मुलांना मिशनच्या शाळेत पाठवण्याची कायद्याने सक्ती नाही, हे त्याने पालकांना पटवले. कर भरू नका म्हणून सांगितले. पोलिसांच्या जुलमाविरुद्ध तक्रारअर्ज लिहिले. मार्च १९०३ मध्ये एका पोलीस अंमलदाराच्या बदनामीबद्दल त्याला पाचशे फ्रँक दंड आणि तीन महिने कैद झाली. वाएओहोला शाळेतून आणणारा गोगँ आणि हे अर्ज लिहिणारा गोगँ एकच होता. त्याचे अपील चालण्याआधीच, ८ मे १९०३ रोजी तो मरण पावला. वय चोपन्न.

त्याच्या वस्तूंचा पापेएतेत लिलाव झाला, त्या वेळची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. सामानात ब्रिटनीतील बर्फाळ खेड्याचे एक चित्र होते. ते उलटे धरून ‘नायगाराचा धबधबा’ म्हणून पुकारले गेले. नौदलातील तरुण डॉक्टर व्हिक्टर सेगालेन यांनी ते सात फ्रँकला घेतले. त्याच गोगँचे ‘नाफेआ फा इपोइपो’ (१८९२) हे चित्र सव्वाशेहून कमी वर्षांत एकवीस कोटी डॉलरला विकले गेले.

चित्रकारांवर त्याची छाया दूरवर पडली. आपल्याकडे अमृता शेरगिल हिने १९३४ मध्ये पॅरिसमध्येच ‘ताहितीची स्त्री’ म्हणून स्वतःचे चित्र काढले. गोगँने दुसऱ्यांच्या मुली न्याहाळल्या. तिने तीच नजर स्वतःवर रोखली आणि चित्रकार व मॉडेल या दोन्ही जागा आपल्याकडे घेतल्या. १९३६ मध्ये तिने अजिंठा पाहिले. पुढच्या वर्षीच्या ‘वधूचा शृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ या चित्रांत गोगँचे सपाट रंग आणि अजिंठ्याची रेषा एकत्र नांदताना दिसतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत २०१९ मध्ये गोगँच्या व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन झाले, तेव्हा त्याच्या वर्तनामुळे चित्रे पाहणेच थांबवावे काय, हा प्रश्न तेथे खुलेपणाने विचारला गेला. चित्रे खाली उतरवून तो सुटेल, असे वाटत नाही. तेहामानाचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे, तो या चित्रांमुळेच.

अतुओनात त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, २००३ मध्ये, गोगँच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. तेथील ‘भोगाचे घर’ नव्याने बांधलेले आहे आणि भिंतींवर चित्रांच्या प्रतिकृती आहेत. त्या घराच्या दाराभोवती त्याने स्वतः कोरलेल्या मूळ फळ्या पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत.