बूड, टोक आणि मधलं सगळं

गरोदर बाईचं अपेंडिक्स फॉर्मॅलिनच्या डबीतून आमच्या पॅथॉलॉजीत येतं, तेव्हा सोबतच्या कागदावर बहुधा दोनच शब्द असतात: ॲक्यूट अपेंडिसायटिस. कॅन्सरची शंका कुणाला येणार? गर्भाशय वाढताना अपेंडिक्स वर सरकतं, पोटदुखी आणि उलट्या दिवसांमुळे असतील असं वाटतं, सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. सोनोग्राफीत उलगडा झाला नाही, तर एमआरआय. त्यामुळे अपेंडिक्सची गाठ बहुतेकदा सापडते ती ऑपरेशननंतर, ग्रॉसिंगच्या टेबलावर.

काढलेल्या शंभर अपेंडिक्समध्ये जेमतेम एखादी गाठ निघते. तरीही प्रत्येक अपेंडिक्स मी सावकाश कापते. आधी लांबी मोजायची, वरून बुळबुळीत श्लेष्मा चिकटलाय का ते बघायचं, बुडाच्या कापलेल्या कडेला शाई लावायची. मग आडवे पातळ काप. टोक मात्र उभं चिरायचं, कारण न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर बहुधा तिथेच असतो: टणक, फॉर्मॅलिनमध्ये पिवळसर झालेला, कधी डाळीच्या दाण्याएवढा. एक सेंटिमीटरहून लहान आणि पूर्ण निघालेला असेल, तर बहुधा पुढे काहीच करावं लागत नाही. दोनच्या वर गेला, की मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याचा विचार करावा लागतो.

गरोदरपणातली खरी कसोटी मायक्रोस्कोपखाली लागते. अपेंडिक्सच्या बाहेरच्या आवरणावर कधी कधी फिकट, फुगीर पेशींचे पुंजके दिसतात. गर्भाशयाच्या अस्तरात होतो तसाच संप्रेरकांमुळे झालेला हा निरुपद्रवी बदल, डेसिड्युआ. पण पसरलेल्या कॅन्सरसारखा भासू शकतो. शंका असेल तर सायटोकेरॅटिनचं स्टेनिंग करून घ्यायचं. डेसिड्युआ ते घेत नाही, कॅन्सरच्या पेशी घेतात. घाईत लिहिलेल्या एका शब्दाने त्या बाईपुढे नको तो प्रश्न उभा राहील, म्हणून इथे एक दिवस जास्त गेला तरी चालेल.

श्लेष्मा तयार करणारी गाठ असेल, तर सर्जनचा फोन येतो आणि पहिला प्रश्न हाच: बूड मोकळं आहे का? दुसरा: भिंत फुटलीय का? गाठ कमी आक्रमक (लो-ग्रेड), बूड मोकळं आणि भिंत शाबूत असेल, तर गरोदरपण पुढे नेत लक्ष ठेवता येतं. श्लेष्मा पोटभर पसरला असेल, तर तो खरवडून काढून पोटात सुमारे ४२ अंशांची गरम केमोथेरपी फिरवण्याचं मोठं ऑपरेशन शक्य असेल तिथे बाळंतपणानंतर ठेवतात. आक्रमक कॅन्सर असेल, तर इतकं थांबता येईलच असं नाही. बाळाचे अवयव घडतात ते पहिले तीन महिने टाळून काही केमोथेरपी देता येते. हे सगळं ऑन्कोलॉजिस्ट आणि प्रसूतितज्ज्ञ तिच्यासोबत बसून ठरवतात, माझा रिपोर्ट समोर ठेवून.