धातूंचे आयन व आपली काळी जमीन

जामखेडच्या बाजूस ज्या विहिरींचें पाणी जड असतें, त्यांत साबणास फेंस येत नाहीं व तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको. याचें मुख्य कारण पाण्यांत विरघळलेला कॅल्शियम धातु होय. परंतु त्याच धातूचा तुकडा पाण्यांत टाकिला तर पाणी खदखदून हायड्रोजन वायु सुटूं लागतो. आणि विहिरींतील कॅल्शियम मात्र मुकाट्यानें राहतो! एकाच द्रव्याचे हे दोन स्वभाव कसे, तें आम्ही येथें सांगणार आहों.

अणूच्या मध्यभागीं केंद्रक असून त्यांत धनभारित प्रोटॉन असतात. भोंवतीं तितकेच ऋणभारित इलेक्ट्रॉन थरांथरांनीं असतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८ व १ असे आहेत. बाहेरचा एकटा निघून गेला म्हणजे ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन राहून एक धनभार शिल्लक उरतो. असा भारयुक्त अणु तोच आयन. मॅग्नेशियम व कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन गमावतात, ॲल्युमिनियम तीन.

‘अणूस आठ इलेक्ट्रॉनांची हौस असते,’ असें पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत लिहितात. आम्हांस तें पटत नाहीं. अणूस हौस नसते, आणि इलेक्ट्रॉन फुकट सुटत नाहीं. एक मोल सोडियममधून पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. आयनाभोंवतीं पाण्याचे रेणु गोळा झाले, किंवा मिठाच्या स्फटिकांत तो क्लोरीनच्या ऋण आयनांशीं जखडला गेला, म्हणजे हा खर्च भरून निघतो. दुसरा इलेक्ट्रॉन आंतल्या थरांतला. त्यास ४५६२ किलोज्यूल लागतात. एवढें कर्ज फेडणारा कोणी नाहीं. म्हणून सोडियमचा व्यवहार एकावरच थांबतो.

आतां आकार पाहूं. बाहेरचा थरच नाहींसा झाल्यामुळें धातूचा आयन अणूहून लहान होतो. सोडियम धातूंत अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, तर आयनाची सुमारे १०२. (पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग.) सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम या तिघांच्या आयनांत इलेक्ट्रॉन दहाच, परंतु प्रोटॉन ११, १२ व १३. ओढणारे वाढले, ओढले जाणारे तेवढेच. म्हणून त्रिज्या १०२, ७२, ५४ अशी घटत जाते. उलट लिथियम, सोडियम, पोटॅशियम या क्रमानें नवा थर चढत जातो, म्हणून ती ७६, १०२, १३८ अशी वाढते.

हे आंकडे केवळ पाठांतराचे नव्हेत. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून आपल्या बालाघाटचा काळा पाषाण झाला. त्यांतील खनिजांत कॅल्शियमच्या (१००) जागीं सोडियम (१०२), व मॅग्नेशियमच्या (७२) जागीं लोह (७८) सहज बसतें, कारण मापें जवळजवळ सारखीं. बिऱ्हाड बदललें तरी घर मोडत नाहीं! हाच पाषाण झिजून काळी माती झाली. तिच्या चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर ऋणभार असतो, आणि चांगल्या जमिनींत तेथें बहुतेक कॅल्शियमचे आयन चिकटलेले असतात.

कालव्याचें पाणी बेसुमार दिलें व निचरा नसला म्हणजे अनर्थ ओढवतो. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणानें प्रवरेकांठीं ऊंस पिकविला, तसे कांहीं जमिनींस चोपणपणही आणलें. क्षार वर चढतात व सोडियम कॅल्शियमला हुसकून त्याची जागा घेतो. मापानें दोघे सारखे, परंतु सोडियमचा भार निम्मा. कॅल्शियम दोन भारांनीं पापुद्रे एकमेकांस धरून ठेवतो. सोडियमला तें साधत नाहीं. तो पाणी जवळ करतो, पापुद्रे सुटे होतात आणि मातीचीं छिद्रें बुजतात. ओली असतां जमीन लोण्यासारखी चिकट, वाळल्यावर विटेसारखी. पापुद्र्यांवरील आयनांत सोडियम शेंकडा १५ हून अधिक झाला कीं जमीन चोपण समजतात.

यावर उपाय जिप्समचा. त्यांतील कॅल्शियम आपली जागा परत घेतो व सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यांत विरघळतो. तें पाणी शेताबाहेर गेलें पाहिजे. चर न खणतां नुसतें जिप्सम टाकणाऱ्याचे पैसे व्यर्थ जातात. सोडियम तेथेंच राहून उन्हाळ्यांत ओलीबरोबर पुन्हां वर येतो.