बटणाला न दिसणारं बीड

प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात गाईडने सहज म्हटलं, "हा पेपर सातव्या संदर्भानंतर घाल," की विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. वैद्यकशास्त्रात संदर्भ बहुधा व्हँकुव्हर पद्धतीने देतात. 1978 साली काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी कॅनडातल्या त्या शहरात बसून ही रीत घालून दिली. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येईल तो त्याचा आकडा. मधेच एक घुसवला की आठवा नववा होतो, नववा दहावा, आणि दीडशे संदर्भ असतील तर पानोपानीचे आकडे पुन्हा तपासत बसा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली एम.डी.ची मुलं असोत, की बीड-परळीच्या कॉलेजांत शिकवता शिकवता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलेले प्राध्यापक, या कामातून कुणाची सुटका नाही. ते हाताने करणारे अजूनही आहेत, आणि टायपिंगवाल्याकडून उरकून घेणारेही. खरं तर हे काम क्षणात करणारं सॉफ्टवेअर 2006 पासून उपलब्ध आहे, तेही फुकट.

त्याचं नाव झोटेरो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रात ते तयार झालं. इतिहासवाल्यांच्या हाताखालून गेल्याची खूण त्यात जागोजाग दिसते. पुस्तक आणि लेख यांच्याबरोबर पत्र, हस्तलिखित, नकाशा, मुलाखत असे नोंदीचे प्रकार त्यात वेगळे आहेत. केजच्या किंवा धारूरच्या ऊसतोड मुकादमाची मुलाखत घेतली असेल, तर तिलाही तिथे हक्काची जागा आहे.

विकत मिळणारं एंडनोट त्याच्याही आधीचं. 2008 साली त्याच्या मालकांनी, थॉमसन रॉयटर्सने, झोटेरोपायी थेट व्हर्जिनिया राज्यावर दावा ठोकला आणि किमान एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. एंडनोटच्या संदर्भशैलीच्या फाइली झोटेरोला वाचता येऊ लागल्या होत्या, हे दुखणं. 2009 मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. मेंडेली हे तिसरं नावही आपल्याकडे चांगलंच चालतं. 2013 साली एल्सेव्हियर या बड्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतलं. मी झोटेरोच्या बाजूचा आहे, हे वाचकांच्या एव्हाना लक्षात आलं असेल.

आता ते चालतं कसं ते पाहू. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात झोटेरो कनेक्टरचं लहानसं चिन्ह बसतं आणि समोरच्या पानाप्रमाणे ते रूप बदलतं. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर एखादा पेपर उघडला की तिथे कागद दिसतो, पुस्तकाच्या पानावर पुस्तक, शोधाच्या निकालांची यादी असेल तर फोल्डर. फोल्डरवर क्लिक केलं की यादी चौकटींसह समोर येते. हवे त्यांना टिक करायचं आणि ओके म्हणायचं. लेखक, शीर्षक, वर्ष, खंड, अंक, पानं आपापल्या रकान्यात जाऊन बसतात. पीडीएफ मिळण्यासारखी असेल तर तीही. यामागे एकेका संकेतस्थळासाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांतले बरेचसे स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत.

बटण चालत नसेल तर डेटाबेसमधून आर.आय.एस. नावाची फाइल उतरवून घ्यायची. ती नोटपॅडमध्ये एकदा उघडून बघावीच, सगळी जादू उतरते. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरं असतात: टी-वाय म्हणजे प्रकार, ए-यू म्हणजे लेखक, पी-वाय म्हणजे वर्ष, आणि तळाशी ई-आर, म्हणजे नोंद संपली. चार लेखक असतील तर ए-यूच्या चार ओळी. एवढंच. पेपरचा डी.ओ.आय. किंवा पुस्तकाचा आय.एस.बी.एन. हाताशी असेल तर फाइलही नको. आकडा टाकला की नोंद तयार होते. पुढे एखादा पेपर मागे घेतला गेला, तर झोटेरो त्यावर लाल पट्टी लावून बजावतं. ही सोय 2019 पासून आहे आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी केवळ तिच्यासाठी हे सॉफ्टवेअर घ्यावं असं मला वाटतं.

आपल्या पीएच.डी.वाल्यांचा मुक्काम जास्त करून शोधगंगेवर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं हे प्रबंधांचं भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर तिथे प्रबंध जमू लागले. एकच प्रबंध तिथे तुकड्यातुकड्यांनी असतो: शीर्षकपानाची फाइल वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, प्रकरणागणिक एकेक. झोटेरोत घेतलेली नोंद इथे तपासून घ्यावीच लागते. प्रकार 'प्रबंध' आला आहे की नुसतं 'वेबपेज'? गाईडचं नाव लेखकांच्या रांगेत तर नाही ना? वर्ष प्रबंध पूर्ण झाल्याचं आहे की तो संकेतस्थळावर चढवल्याचं? मुळात नोंद करणाऱ्याने घाईत जे टाइप केलं, तेच इमानेइतबारे तुमच्या संदर्भसूचीत उतरतं.

इथवर सगळं ठीक. अडचण सुरू होते ती विषय बीडचा असला की.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल. 2019 मध्ये तोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या विषयावरचे इंग्रजी पेपर पबमेडवरून एका क्लिकमध्ये येतात. पण समितीचं काम, विधिमंडळातली चर्चा, जिल्हा आवृत्त्यांतल्या बातम्या, मराठी मासिकांतले लेख, साखरशाळा चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पुस्तिका? यांतल्या बहुतेकांना डी.ओ.आय. नाही, आर.आय.एस. नाही, आणि कित्येकांची कुठल्याही डेटाबेसमध्ये ओळसुद्धा नाही. मग संशोधक काय करतो? जे एका क्लिकमध्ये येतं ते ठेवतो आणि जे हाताने भरावं लागतं ते सोडून देतो. तो आळशी असतो असं नाही. सबमिशनची तारीख डोक्यावर असते. संदर्भसूची मात्र अशी तयार होते की बीडच्या ऊसतोडीबद्दल मराठीत कुणी काही लिहिलंच नाही. दोष बटणाचा नाही, पण त्याची सवय लागली की हे असं होतं.

शोधतानाही गाव हातातून निसटतं. आज आपण इंग्रजीत बीड दोन 'ई' घालून लिहितो. 1969 चं राज्य सरकारचं गॅझेटिअर मात्र 'भीर' नावाने सापडतं आणि जनगणनेच्या खात्यात 'आय' घातलेलं 'बिड'. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. या सगळ्या रूपांनी शोध घेतला नाही, तर जुना ऐवज तसाच राहतो. झोटेरोत घेतलेल्या अशा नोंदींना 'बीड' हा एकच टॅग लावून ठेवला की पुढे त्या एका जागी सापडतात.

मराठीत हे काम यंत्राशिवाय केलेला माणूस होऊन गेला. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढच्या खंडात ती 1950 पर्यंत आणली. मराठी ग्रंथव्यवहारावर लिहिणारा आजही 'दाते सूची' उघडतो. ती एका माणसाच्या चिकाटीवर उभी राहिली. आता तेवढ्या चिकाटीची गरज नाही. झोटेरोत ग्रुप लायब्ररी काढता येते, फुकट, आणि फक्त नोंदी ठेवायच्या तर जागेचाही प्रश्न येत नाही. तीनशे मेगाबाइटची मर्यादा जोडलेल्या फाइलींना आहे. एखाद्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी आणि चार-पाच संशोधकांनी मिळून जिल्ह्यावरच्या मराठी लेखांच्या नोंदी एकदा नीट भरल्या, तर पुढच्या मुलाला त्या एका क्लिकमध्येच मिळतील.

एवढं मात्र सांभाळा. मराठी नाव देवनागरीतच भरा. नाव-आडनावाचे दोन रकाने अडवत असतील तर एकच रकाना करण्याची सोय आहे. संतकवींच्या, शाहिरांच्या नावांना ती लागतेच. मासिकाचा महिना लिहिलात तरी अंक आणि पान सोडू नका. आणि ग्रंथालयातून लेखाची झेरॉक्स काढाल तेव्हा मुखपृष्ठाचीही एक काढा. नोंद भरायला बसाल तेव्हा वर्ष आणि अंक तिथेच मिळतील.