फुटबॉलपटूंच्या पायांच्या हालचालींचे मोजमाप

व्यावसायिक फुटबॉलपटू नव्वद मिनिटांच्या सामन्यात साधारणतः १० किलोमीटर अंतर धावतो. वेग घेणे, एकाएकी थांबणे, वळणे आणि चेंडू टोलावणे या क्रियांचा मोठा भार मांडीच्या मागील स्नायूंवर व गुडघ्यावर पडतो. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटल्यास खेळाडूस अनेक महिने मैदानापासून दूर राहावे लागते. मुलींमध्ये या दुखापतीचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आढळते. अशा दुखापतींना आळा घालण्याच्या कामी अंगावर बांधावयाचे संवेदक आता साहाय्यभूत ठरत आहेत.

संवेदकाचे कार्य

काडेपेटीएवढ्या या उपकरणात दोन प्रमुख घटक असतात. त्वरणमापक वेगातील बदल नोंदवितो, तर गायरोस्कोप अवयव किती झपाट्याने वळतो हे टिपतो. एक संवेदक मांडीवर आणि दुसरा नडगीवर बसविल्यास गुडघा किती अंशांत वाकला, याचे गणित मांडता येते. सेकंदाला शंभर वा अधिक नोंदी होत असल्याने डोळ्यांना न दिसणारा फरकही ध्यानात येतो. पूर्वी अशा अभ्यासासाठी अनेक कॅमेऱ्यांनी सज्ज अशी प्रयोगशाळा लागे. आता तो सरावाच्या मैदानावरच करता येतो. दुखापतीतून उठलेला खेळाडू एका पायावर कमी भार देत आहे काय, हे त्यावरून समजते.

मर्यादा

गायरोस्कोपच्या नोंदीत कालांतराने त्रुटी साचत जाते. पट्टा सैल असल्यास किंवा स्नायू थरथरल्यास आकडे चुकतात. शिवाय, संवेदक दुखापतीचे भाकीत करीत नाही. खेळाडूच्या आजच्या नोंदी त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहण्याचे काम प्रशिक्षक व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनाच करावे लागते. ही माहिती खेळाडूच्या प्रकृतीविषयीची असल्याने ती गोपनीय राखणे आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घेणे अगत्याचे आहे.

शाळांना काय करता येईल?

ही उपकरणे प्रत्येक शाळेस परवडतील असे नाही. परंतु त्यावाचून प्रतिबंध अडत नाही. ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा सराव धावणे, तोल सांभाळणे, स्नायू बळकट करणे आणि उडीनंतर गुडघा आत न वळविता उतरणे यांवर आधारित असून त्यास खर्चिक साहित्य लागत नाही. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सरावामुळे एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसून आले. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या शहरातील तालमींनी, तसेच गावोगावच्या क्रीडाशिक्षकांनी प्रत्येक सरावाचा आरंभ अशा व्यायामाने केल्यास अनेक उमलत्या खेळाडूंचे गुडघे सुरक्षित राहतील.