मोटार उलटी फिरते तेव्हा



डी.पी. दुरुस्त झाली, वीज आली, मोटारीचा आवाजही नेहमीसारखाच येतो; पण पाइपाला धार नाही. "पाणी काऊन कमी येते?" म्हणून आपण फुटव्हॉल काढायला विहिरीत उतरतो. पुष्कळदा दोष तिथं नसतोच. मोटार उलटी फिरत असते. वरुड-मोर्शीकडे जानेवारीत आंबिया बहाराचा ताण तोडताना असे चार दिवस गेले, तर त्याचा फटका संत्र्याला बसतो.

कारण काय?

थ्री-फेज मोटारीला लाल, पिवळा व निळा असे तीन फेज ठरावीक क्रमाने मिळतात. त्या क्रमाने मोटारीत चुंबकीय क्षेत्र फिरते व त्यामागे रोटर फिरतो. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की क्रम उलटतो आणि मोटारही उलटते. तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या, तर मात्र दिशा तीच राहते.

कसे ओळखावे?

१. मोनोब्लॉक पंपावर बाण असतो. मोटार क्षणभर चालू करून बंद करा व मागचा पंखा बाणाच्या दिशेने फिरतो का ते पाहा.
२. सबमर्सिबल दिसत नाही. दोन तारा बदलून पाहाव्यात. ज्या जोडणीत पाणी जास्त, ती दिशा बरोबर.
३. त्याच डी.पी.वरच्या शेजाऱ्यांच्या मोटारीही उलटल्या असतील, तर फेर डी.पी.वर झाला आहे. अशा वेळी आपापले स्टार्टर बदलू नका. महावितरणच्या वायरमनला सांगा. नाहीतर पुढे डी.पी. नीट झाली की सगळ्यांच्या मोटारी पुन्हा उलटतील.

दोष आपल्याकडेच असेल, तर मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा, टेस्टरने खात्री करा आणि स्टार्टरमध्ये येणाऱ्या तीनपैकी दोन तारा बदलून घ्या. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मोटारीकडे जाणाऱ्या सहा तारांना हात लावू नये.

रिले काय करतो?

रिले म्हणजे विजेने चालणारे बटण. त्याच्या कॉइलमधून थोडा प्रवाह गेला की ती लोहचुंबक बनते व संपर्कपट्टी ओढते. फेजचा क्रम तपासणारा रिले क्रम चुकल्यास स्टार्टरच्या कॉइलला वीजच देत नाही. त्यामुळे मोटार सुरू होत नाही. ज्यांच्याकडे ऑटो किंवा मोबाइलवर चालणारा स्टार्टर आहे, त्यांनी तो बसवावाच. कारण रात्रीच्या पाळीत मोटार सुरू होते तेव्हा तिथं पाहायला कोणी नसतं.

दोन्ही दिशा हव्या असतील तर

पंपाला उलट दिशा कधीच नको. पण गोदामात पोती वर-खाली नेणाऱ्या विजेच्या यारीला दोन्ही दिशा लागतात. तिथं दोन कॉन्टॅक्टर असतात. पहिला तिन्ही फेज सरळ देतो, दुसरा त्यांतले दोन बदलून देतो. दोन्ही एकदम ओढले गेले, तर दोन फेज थेट एकमेकांना भिडतात, मोठा भडका उडतो व जीवावर बेतू शकते.

म्हणून प्रत्येकाच्या कॉइलची तार दुसऱ्याच्या एरवी बंद असणाऱ्या संपर्कातून नेतात. एक ओढला की तो संपर्क उघडतो आणि दुसऱ्याची वाट तुटते. यालाच इंटरलॉक म्हणतात. जोडीला यांत्रिक अडसरही असावा. ओव्हरलोड रिले दोघांच्या पुढे, मोटारीच्या बाजूला, एकच पुरतो. यारीला वरच्या टोकाशी आपोआप थांबवणारा लिमिट स्विचही हवा. दिशा बदलण्याआधी मोटार पूर्ण थांबू द्यावी.

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काम झाल्यावर "इंटरलॉक कुठं आहे, दाखवा," असं त्याला आवर्जून विचारा. आणि स्टार्टरच्या पेटीवर आतल्या तारांचा क्रम रंगाने लिहून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला तोच कामी येईल.