अपघाताची चौकशी कशासाठी?

25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्याहून तत्कालीन मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांना घेऊन राज्य सरकारचे हेलिकॉप्टर उडाले आणि लगेच विजेच्या तारांत अडकून कोसळले. आतील सारे बचावले. दैव बलवत्तर, असे म्हणून लोक मोकळे झाले. परंतु पुढच्या खेपेसही दैव धावून येईल, हा भरवसा कोणी द्यावा?

विमानतळाबाहेरून उडणे अवघड का, हे आधी पाहू. उष्ण हवा विरळ असते. 15 अंशांवरची हवा 42 अंशांवर गेली, की शेकडा आठनऊ भागांनी विरळ होते. त्यात लातूरचे पठार उंचावरचे. अशा हवेत पंख्याला आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. अकोल्याचा मे महिना सोसलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. शिवाय जमिनीलगत पंख्याखाली हवेची जणू गादी असते. हेलिकॉप्टर वर चढू लागले, की ती गादी सुटते आणि सारा भार इंजिनावर येतो. नेमकी तेव्हाच धूळ उडून दिसेनासे झाले, वारा फिरला किंवा समोर तारा आल्या, तर चालकाच्या हाती क्षणच उरतात.

म्हणून चौकशी करणारा विचारतो: वजन किती होते? इंधन किती? तापमान आणि वारा कोणी मोजला? जागा कोणी निवडली, तारा कोणी पाहिल्या? आपल्या देशात 2012 पासून यासाठी विमान अपघात अन्वेषण विभाग आहे. 1951 साली प्रथम स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे अशा चौकशीचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे वाक्य फार मोलाचे वाटते. एका कारखान्यात पट्ट्यात सापडून आमच्या सोबत्याचा हात गेला. नोंदवहीत ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ एवढेच लिहिले गेले. पट्ट्यावर जाळी नव्हती, पाळी लांबली होती, याची नोंद झाली नाही. जाळी तशीच राहिली आणि दुसरा माणूस त्याच जागी उभा राहिला.

मुख्यमंत्र्यांच्या अपघाताला जो प्रश्न लागू, तोच मळणीयंत्रावरच्या मजुराच्या अपघातालाही लागू असावा. ‘चूक कोणाची?’ असे विचारण्याआधी ‘हे घडू शकले कसे?’ असे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.