लोर्नाचा आवाज

गोव्याच्या माणसाला गाणारी कोण, असे विचारावे. तो मंगेशीचे आणि कुर्डीचे नाव घेईलच, पण त्याच दमात लोर्ना कुर्दैरोचेही घेईल. ही बाई खयालाची नव्हे, नाट्यपदाचीही नव्हे. ती गाजली मुंबईच्या रात्रीच्या क्लबांत, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या संगतीने. एवढे वाचून काही वडीलधारी मंडळी पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे.

जाझ आपल्या घरात कधी शिरलेच नाही, ही समजूत खरी नाही. १९५१ सालच्या 'अलबेला'ची गाणी कोणाला ठाऊक नाहीत? तिथे सी. रामचंद्रांच्या हाताशी चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत. ती विद्या घेऊन ही मंडळी मुंबईस आली आणि रात्री हॉटेलात नाचाचा बँड, दिवसा चित्रपटाचा वाद्यवृंद, अशी दुहेरी चाकरी करू लागली.

मडगावच्या बोर्ड्याचा ख्रिस पेरी हा त्यांतलाच, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजविणारा. लोर्ना कोवळ्या वयात त्याच्या बँडमध्ये आली. चर्चगेटजवळच्या अस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' क्लबात ती गाऊ लागली. ख्रिसने तिच्यासाठी कोकणीत चाली बांधल्या, आणि 'बेबदो', 'पिसो', 'नाचूंया कुंपासार' यांच्या तबकड्या गोव्यात घरोघर वाजू लागल्या. कोकणी शब्द, जाझचा डौल. लग्नाच्या मांडवातसुद्धा खपले.

भोपाळच्या अयोध्या नगरात मी गाण्याचे वर्ग घेतो. घराणे दरबारी गवयाचे, तेव्हा कान ठरावीक वळणाचा. ब्लूज गायकीत गंधार शुद्धही नसतो, कोमलही नसतो. दोहोंच्या मधे तो लोंबकळतो. दरबारी कानड्याच्या आंदोलित गंधाराची आठवण व्हावी, पण जात वेगळी. दरबारीत खाली फक्त तंबोरा असतो. ब्लूजमध्ये पियानो खाली शुद्ध गंधार धरून बसतो आणि गाणारा त्याच्याशी झटापट करतो. ती कळ त्या झटापटीतून येते. स्वर असा ओढून, घासून लावण्याची लकब लोर्नाने कोकणीत आणली. आवाज मोकळा, किंचित खरखरीत, आणि पितळी वाद्यांच्या वर सहज जाणारा. विद्यार्थिनींना मी तो ऐकवतो. नक्कल मात्र करू देत नाही, गळे बसतात.

पुढे दोघांचे बिनसले. दुसऱ्या कोणाच्या बँडबरोबर तिने गाऊ नये, असा ख्रिसचा दंडक होता, असे सांगतात. 'माझी तालीम घेतलीस, दुसऱ्या मैफलीत बसायचे नाही' हे आपल्याकडच्या उस्तादांनीही शिष्यांना सुनावलेले आहे, तेव्हा हसू नये. ऐन भरातला तो गळा वीसएक वर्षे गप्प राहिला. तबकड्या वाजत राहिल्या, गाणारी कुठे आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नाही.

रॉनी मोन्सेरात या वादकाने तिला पुन्हा ध्वनिमुद्रणास आणले. १९९५ साली 'हॅलो लोर्ना' निघाले आणि गोव्यात ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. ख्रिस २००२ साली गेला. २०१४ साली बार्द्रॉय बार्रेतो यांनी त्याच्याच चाली घेऊन 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट काढला. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात बँडवाल्याचे नाव लॉरी आहे, गाणारीचे डोना. गोव्यात ते कोण, हे कोणी कोणाला विचारले नाही.